‘स्वखुशीने’ हा शब्द वगळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
रोपवे सेवा विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : दि. १२ जूनच्या फेरीसंबंधीच्या चौकशी अहवालातील ‘स्वखुशीने’ हा शब्द वगळणे, मला जाहीर झालेले प्रशस्तिपत्र रद्द करणे व दुसऱ्या पाळीच्या चालकबाईंचे निलंबन मागे घेणे याबाबत.

संदर्भ : १) चौकशी अहवाल, दि. १० जुलै, पान ४, परिच्छेद ११.
२) प्रशस्तिपत्राबाबत आपले पत्र, दि. १४ ऑगस्ट.
३) माझे अर्ज दि. ४ व २१ ऑगस्ट (दोन्ही शेरा मारून परत).
४) निलंबन आदेश, दि. ४ सप्टेंबर.

महोदय,

१. मी वरच्या स्टेशनवर पहिल्या पाळीचा चालक आहे. या जागेवर मला एकोणीस वर्षे झाली. या काळात वाऱ्यामुळे मी लाइन एकेचाळीस वेळा बंद ठेवली. लोकांनी मला नाही नाही ते ऐकवले, एकदा एका नवरदेवाच्या मामांनी माझी कॉलर धरली, पण वाऱ्याचा काटा नियमातल्या ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या वर असताना मी ट्रॉली सोडली नाही. अपवाद एकच, आणि त्या अपवादाबद्दल मला येत्या पंधरा तारखेला शाल व प्रशस्तिपत्र देण्याचे ठरले आहे.

२. दि. १२ जून रोजी सकाळी अकरापासून वारा वाढत गेला. अकरा वाजून वीस मिनिटांनी मी लाइन बंद केली व तशी नोंद केली. बारा वाजून चाळीस मिनिटांनी वरच्या वस्तीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई स्ट्रेचर घेऊन स्टेशनवर आल्या. स्ट्रेचरवर आमच्या वस्तीचा पोस्टमन होता. अहवालात त्याचा उल्लेख ‘एक रुग्ण’ असा आहे. तो माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ आहे. हे अहवालात यायला हवे होते. मी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही.

दोन दिवस त्याचे पोट दुखत होते आणि तो गॅस झालाय म्हणून ओवा खात हिंडत होता. नर्सबाई म्हणाल्या, “आत फुटलंय. पोट लाकडासारखं कडक झालंय. माझ्याकडे आता सलाइनपलीकडे काही नाही. पायवाटेने नेलात तर खाली पोचेल, पण जिवंत पोचेल असं मी म्हणणार नाही.” मागचा गाडीरस्ता दरड कोसळल्यापासून बंद आहे व पायवाटेने उतरायला रिकाम्या माणसाला अडीच तास लागतात, हे आपणांस ज्ञात आहेच.

माझी बायको स्ट्रेचरच्या मागे आली होती. तिने चालक कक्षाच्या खिडकीचा गज धरला आणि ती उभी राहिली. एक अक्षर बोलली नाही. ती काही बोलली असती तर मला नियम सांगता आला असता.

३. वाऱ्याचा काटा त्या वेळी एकसष्टवर होता. नियमपुस्तिकेनुसार आपत्कालीन फेरी साठपर्यंतच करता येते, तीही दोन अटींवर : कार्यालयाची परवानगी व ट्रॉलीत पाचशे किलो वाळूची पोती. रिकामी ट्रॉली वाऱ्यात कागदासारखी उडते, भरलेली कमी झुलते, म्हणून वजन.

परवानगीसाठी मी फोन केला. “साहेब मीटिंगमध्ये आहेत, लेखी कळवा,” असे उत्तर मिळाले.

वाळूची वीस पोती दि. १८ एप्रिल रोजी बांधकाम शाखेने स्टेशनमागच्या भिंतीला आधार द्यायला नेली होती. ‘चार दिवसांत परत’ असे लिहून दिले होते. मी दोन स्मरणपत्रे पाठवली. पोत्यांच्या रिकाम्या फळीवर सध्या आम्ही चालक लोक जेवणाचे डबे ठेवतो.

४. आता जे लिहीत आहे ते अहवालात नाही. काचेपलीकडे प्रतीक्षालयात सहा प्रवासी बसले होते : शिलाईकाम करणाऱ्या बाई, एक न्हावी, एक निवृत्त मास्तर, एक नवराबायको आणि औषध कंपनीचा एक विक्रेता. मी त्यांच्याकडे पाहिले आणि मनात बेरीज केली. माणसांची नाही, किलोंची. बाई पंचावन्न. न्हावी सत्तर. मास्तर साठ. नवरा भरदार, नव्वद. बायको पन्नास. विक्रेता पासष्ट, त्यात त्याची बॅग दहा. नर्सबाई आणि रुग्ण धरून पाचशेच्या वर गेले.

मी दार उघडून बाहेर गेलो आणि म्हणालो, “वारा पडलाय. चला, बसून घ्या पटापट, पेशंट आहे.”

पाच जण लगेच उठले. शिलाईच्या बाई जागेवरच थांबल्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि मला विचारले, “खरंच पडलाय ना? झाडं तर हलताहेत.”

मी म्हणालो, “पडलाय. यंत्र दाखवतंय.”

त्या म्हणाल्या, “मग पडला असणार. तुम्ही माझ्या नवऱ्यासाठीसुद्धा लाइन सोडली नव्हती.”

यात टोमणा नव्हता. त्या उठल्या आणि ट्रॉलीत जाऊन बसल्या.

५. वरील वाक्याचा खुलासा करणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी सदर बाईंच्या पतीच्या छातीत कळ आली, तेव्हा काटा बावन्नवर होता. परवानगी मिळत नव्हती. वाळू तेव्हा होती. परवानगीशिवाय मी लाइन सोडली नाही. त्यांना खुर्चीला बांधून पायवाटेने नेले आणि अर्ध्या वाटेवरच्या पाण्याच्या टाकीजवळ ते गेले. त्या वेळी आपल्या कार्यालयाने मला ‘नियमपालनात दक्ष’ असा शेरा दिला होता. तो माझ्या सेवापुस्तकात आहे.

म्हणजे ज्या कडकपणामुळे त्यांचा माणूस गेला, त्याच कडकपणावर विश्वास ठेवून त्या माझ्या मेहुण्यासाठी ट्रॉलीत बसल्या. मी तो विश्वास वाळूसारखा वापरला.

६. ट्रॉली सोडल्यावर मी नोंदवहीत वाऱ्याचा वेग ‘३८’ लिहिला. आकडा माझ्या हातचा आहे. त्या पानावर शाई थोडी पसरली आहे, कारण हाताला घाम होता.

तिसऱ्या खांबाजवळ झोत आला. ट्रॉली आडवी झुलली, आपोआप ब्रेक लागला आणि ती दरीवर लटकून राहिली. चौदा मिनिटे. ट्रॉलीतल्या फोनवरून मला सगळे ऐकू येत होते. नवरा बायकोला “खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ” एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होता. न्हावी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मास्तर फोनच्या जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही म्हणाला होतात, वारा पडलाय.” मग काच फुटल्याचा आवाज आला. ट्रॉलीचे दार खांबाच्या लोखंडी शिडीवर आपटले होते. शिलाईच्या बाईंनी आधाराला दाराजवळचा दांडा धरला होता.

मी हाताने ब्रेक सैल करत करत ट्रॉली वीत वीत खाली नेली. माझी बायको अजून खिडकीशी उभी होती. तिने सगळे ऐकले.

७. मेहुण्याचे ऑपरेशन पाच वाजता झाले. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर आम्ही नुसते कागद भरले असते. तो आज पत्रे वाटत हिंडतो. मला त्याचा आनंद आहे. हा अर्ज लिहितानाही आहे. आनंद नाही असे लिहिले तर ती या प्रकरणातली आणखी एक खोटी नोंद होईल.

शिलाईच्या बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे आता वळत नाहीत.

८. चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारले होते, “प्रवासी स्वतःहून बसले ना?” मी म्हणालो, “हो.” ते खरेच आहे. कोणाला दंड धरून बसवले नव्हते. त्या माझ्या ‘हो’वरून परिच्छेद ११ तयार झाला : ‘उपस्थित प्रवासी संभाव्य धोक्याची पूर्ण कल्पना असूनही मानवतेच्या भावनेतून स्वखुशीने रुग्णासोबत निघाले.’ नोंदीत वारा ३८ असेल तर धोका कसला, हे कोणी विचारले नाही. प्रवाशांचे जबाब घेतले नाहीत, कारण त्यांचे ‘पत्ते उपलब्ध झाले नाहीत’. शिलाईच्या बाईंचे घर स्टेशनपासून दोनशे पावलांवर आहे आणि दारावर पाटी आहे.

त्यांनी हाताच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी विभागाकडे अर्ज केला. तो याच परिच्छेदाचा हवाला देऊन नाकारला गेला : धोका स्वखुशीने पत्करला असल्याने विभाग जबाबदार नाही. तो नकाराचा कागद मेहुण्यानेच त्यांच्या हातात दिला, कारण टपाल तोच वाटतो. पाकिटात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

९. तो कागद पाहिल्यावर दि. ३ ऑगस्ट रोजी मी बाईंच्या घरी गेलो. त्या डाव्या हाताने कात्री चालवायला शिकत होत्या. एका जुन्या चादरीच्या पट्ट्या कापून जमिनीवर टाकल्या होत्या, सगळ्या वाकड्या. मी उभ्या उभ्याच सांगितले, की काटा एकसष्टवर होता आणि मला तुमचे वजन हवे होते.

त्या बराच वेळ कापत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला विचारलं असतंत तर मी बसले असते की नसते, हे आता मलाही कळायचं नाही. पोस्टमन चांगला माणूस आहे. कदाचित बसले असते. पण ते माझं मला ठरवू द्यायचं होतं.”

मी म्हणालो, “तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली.”

“तेच तर म्हणतेय,” त्या म्हणाल्या. “आणि अजून एक सांगते. हे गेले तेव्हा मी तुम्हाला भरपूर शिव्याशाप दिले. नंतर मनाची समजूत घातली, की या माणसाला सगळे सारखे. आपला काय न् परका काय, काटा म्हणजे काटा. त्या समजुतीवर मी दोन वर्षं काढली. आज तुम्ही येऊन तीही काढून घेतलीत.” मग त्यांनी मला चहा घेणार का विचारले. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं झालं, दूध नव्हतंच.

१०. दुसऱ्या दिवशी मी पहिला अर्ज केला. तो ‘अर्जदार बाधित व्यक्ती नसून लाभार्थी असल्याने अहवालात दुरुस्ती मागता येत नाही’ असा शेरा मारून परत आला. दुसऱ्या अर्जावर शेरा आला : ‘प्रकरण बंद. अर्जदाराने प्रशस्तिपत्र स्वीकारण्यासाठी सकाळी दहा वाजता स्वच्छ गणवेशात हजर राहावे.’

घरची बाजूही लिहितो, कारण आपले लिपिक फोनवर म्हणाले की घरच्यांशी बोलून शांत डोक्याने विचार करा. बोललो. बायको म्हणाली, “माझा भाऊ दोन पायांवर उभा आहे, तो तुम्हाला खुपतोय का?” चार दिवस तिने माझ्याशी ताट वाढण्यापुरता संबंध ठेवला. पाचव्या दिवशी ती शिलाईच्या बाईंकडे गेली, आणि तेव्हापासून रोज दुपारी त्यांची काज-बटणे करून देते. अर्जाबद्दल ती माझ्याशी अजूनही बोलत नाही.

११. आता दि. २ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी दोन वाजता मी पाळी सोपवली. दुसऱ्या पाळीच्या चालकबाईंना आम्ही सगळे घड्याळबाई म्हणतो, कारण सहा वर्षांत त्यांनी एकही फेरी मिनिटभर उशिरा सोडलेली नाही. मी घरी न जाता प्रतीक्षालयाच्या बाकावर तिसरा अर्ज लिहीत बसलो होतो. तीनच्या सुमारास वारा वाढला व घड्याळबाईंनी लाइन बंद केली. चार वाजून दहा मिनिटांनी हार्डवेअरचे दुकानदार आपल्या वडिलांना पाठुंगळी घेऊन धावत आले. मागे नर्सबाई. म्हाताऱ्यांचे तोंड वाकडे झाले होते आणि उजवा हात लोंबत होता. नर्सबाई म्हणाल्या, “अर्धा तास झालाय. तीन-चार तासांत इंजेक्शन मिळालं तर उपयोग. पायवाटेने हा वेळ वाटेतच संपेल.”

काटा सत्तावन्नवर होता. वाळू अजून आलेली नाही.

घड्याळबाई नाही म्हणाल्या. तेव्हा दुकानदारांनी खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. माझ्या प्रशस्तिपत्राची बातमी होती. ते ओरडले, “पोस्टमनसाठी लोक स्वखुशीने बसले होते! इथे छापून आलंय! माझा बाप माणूस नाही का?” मग ते शिलाईच्या बाईंकडे वळले. त्या हाताच्या व्यायामासाठी दर मंगळवारी खाली जातात व बाकावर बसल्या होत्या. “मावशी, तुम्ही सांगा ना यांना! तुम्ही आपणहून बसला होतात ना?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. घड्याळबाईंनी पाहिले. बाईंनी ‘हो’ म्हटले असते तर लाइन सुटली असती, असे मला त्या क्षणी वाटले आणि आजही वाटते.

मी उठलो व म्हणालो, “नव्हत्या बसल्या. कोणीच नव्हतं बसलं. मी खोटं सांगून बसवलं. काटा एकसष्टवर होता.”

दुकानदार माझ्यासमोर आले. मला वाटले मारतील. ते रडकुंडीला येऊन म्हणाले, “हे आजच सांगायचं होतं? माझ्या बापाच्या वेळेला?”

मी अर्धा लिहिलेला अर्ज घडी करून खिशात ठेवला.

१२. यानंतर घड्याळबाईंनी जे केले त्यासाठी त्या निलंबित आहेत, म्हणून ते सविस्तर लिहितो.

त्यांनी कार्यालयाला फोन केला. “लेखी कळवा,” असे सांगण्यात आले. त्यांनी खालच्या स्टेशनला फोन करून तिसऱ्या खांबाखालची दोन घरे रिकामी करवली व रस्ता अडवायला सांगितला. जूनमध्ये ती घरे मला सुचलीही नव्हती. मग त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘वारा ५७. नियम ४५. वाळू नाही. परवानगी नाही. जूनमध्ये ट्रॉली अडकली होती व एक बाई जखमी झाल्या.’ तो कागद घेऊन त्या चालक कक्षात गेल्या आणि प्रतीक्षालयातल्या नऊ जणांना एकेक करून आत बोलावले. दरवेळी दार लावून घेतले.

मला दार लावण्याचे कारण कळले नाही. माझी पाळी आली तेव्हा कळले. त्यांनी मला कागद वाचायला लावला, जसा काही मी परका आहे, आणि म्हणाल्या, “तुम्हालाही विचारणं भाग आहे. तुमचं वजन लागेल. नाही म्हणालात तरी चालेल. बाहेर मी कुणाला काही सांगणार नाही.”

महोदय, मला ‘नाही’ म्हणायचे होते. हे मी येथे नमूद करू इच्छितो. एकोणीस वर्षे मी ती ट्रॉली चालवली, पण वाऱ्यात कधी तिच्यात बसलो नव्हतो. बाहेर मुलगा बापाचा हात धरून बसलेला असताना सगळ्यांदेखत विचारले असते, तर मी पटकन ‘हो’ म्हणून मोकळा झालो असतो आणि ते ‘हो’ भिडेचे झाले असते. बंद दाराआड मला थोडा वेळ लागला. मग मी म्हणालो, “अठ्ठ्याहत्तर किलो. लिहा.”

बाहेर येऊन त्यांनी जाहीर केले, “सात जण येताहेत. दोघांना मी थांबवलंय, वजन पुरेसं झालंय.” वजन पुरेसे झाले नव्हते. कमी पडले ते दुकानदारांनी दुकानातून खिळ्यांच्या गोण्या आणून भरले. ते दोघे कोण होते हे सहज कळण्यासारखे होते, कारण ते बाकावर बसून राहिले; पण ‘नाही’ ते म्हणाले की घड्याळबाईंनीच त्यांना अडवले, हे आजतागायत कोणी सांगू शकत नाही.

नोंदवहीत त्यांनी ‘५७’ लिहिले. स्वच्छ अक्षरात.

१३. ट्रॉलीत शिलाईच्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. म्हणजे त्यांना विचारले तेव्हा त्या ‘हो’ म्हणाल्या होत्या. मी त्यांना का म्हणून विचारले नाही. तो अधिकार मी जूनमध्येच घालवला आहे. स्टेशन सुटताच तळ पायाखालून निसटल्यासारखा झाला. मी जवळच्या दांड्याला हात घातला. बाई म्हणाल्या, “दाराकडचा दांडा धरू नका. मधला धरा.” पूर्ण प्रवासात आमचे एवढेच बोलणे झाले. तिसऱ्या खांबाजवळ घड्याळबाईंनी वेग इतका कमी केला की खांबावरचे गंजलेले बोल्ट मी मोजू शकत होतो. ट्रॉली झुलली. मी डोळे मिटले. एकोणीस वर्षांत एकेचाळीस वेळा लाइन बंद ठेवणाऱ्या माणसाने लोकांना कशापासून अडवून ठेवले होते, ते मला तेव्हा कळले. आणि जूनमध्ये मी सहा जणांना काय दिले होते, तेही.

आम्ही उतरलो. म्हाताऱ्यांना वेळेत इंजेक्शन मिळाले. पाय ओढतात, पण बोलू लागले आहेत. पहिल्याच वाक्यात त्यांनी खिळ्यांच्या गोण्या परत आणल्या का, असे विचारले म्हणतात.

१४. दि. ४ सप्टेंबर रोजी घड्याळबाईंवर तीन आरोप ठेवण्यात आले : सत्तावन्नच्या वाऱ्यात फेरी केली, लेखी परवानगी घेतली नाही, संमतीपत्रकात दोन व्यक्तींची नावे व उत्तरे नमूद नाहीत, सबब कागदपत्र अपूर्ण. पहिले दोन आरोप खरे आहेत. तिसऱ्याबद्दल मी काय बोलावे?

विचारले म्हणजे सगळे माफ झाले, असे माझे म्हणणे नाही. दोर तुटला असता तर सात सह्या कोणाच्या कामाच्या नव्हत्या. आणि म्हाताऱ्यांना तर कोणी विचारलेच नाही. ते उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते. कधी दुसऱ्याचा जीव पणाला लावावा आणि कधी लावू नये याचा नियम मला सापडलेला नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याने ३८ लिहिले त्याला शाल आणि जिने ५७ लिहिले तिला निलंबन, हे वाचून उद्याचा चालक नोंदवहीत काय लिहील, याचा आपण विचार करावा.

१५. तरी माझी नम्र विनंती खालीलप्रमाणे आहे.

(अ) परिच्छेद ११ मधील ‘स्वखुशीने’ व ‘धोक्याची पूर्ण कल्पना असूनही’ हे शब्द वगळावेत व तेथे ‘चालकाने खोटी माहिती दिल्यामुळे’ असे लिहावे. दि. १२ जूनच्या नोंदीतील ३८ खोडून ६१ करावे. खोडलेला आकडा वाचता येईल असा ठेवावा.

(आ) शिलाईकाम करणाऱ्या बाईंच्या हाताचे ऑपरेशन विभागाने करून द्यावे. त्यांनी धोका पत्करला तो दि. २ सप्टेंबरला. दि. १२ जूनला नाही.

(इ) घड्याळबाईंना कामावर घ्यावे. कोणाला तरी निलंबित करणे आवश्यकच असेल तर आदेश टंकलेला आहेच, फक्त नाव बदलावे. कागद वाचेल.

(ई) वाळू परत पाठवावी.

१६. शेवटचा मुद्दा तातडीचा आहे. घड्याळबाईंच्या जागी दुसरा चालक न देता दोन्ही पाळ्या मीच कराव्यात असा तोंडी आदेश आहे. दि. ४ पासून मी रोज सकाळी सात ते रात्री नऊ, म्हणजे चौदा तास, एकटा लाइन चालवत आहे. सोमवारी दुपारी ब्रेकच्या दांड्यावर हात असताना माझा डोळा लागला. किती वेळ, ते मला माहीत नाही. ट्रॉलीत अकरा माणसे होती. मी फोन करून कळवले असता, “सांभाळून घ्या,” असे उत्तर मिळाले.

कोणालाही न सांगता इतरांना धोक्यात बसवण्याचे काम मी एकदा केले आहे. दुसऱ्यांदा, तेही रोज, माझ्याच्याने होणार नाही. म्हणून काल सकाळपासून तिकीट खिडकीवर मी पुढील पाटी लावली आहे : ‘चालक सहा दिवसांपासून रोज चौदा तास काम करत आहे. त्याला झोप येते. बसायचे की नाही, ते आपण ठरवावे. न बसणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही.’

काल पाटी वाचून तेवीस जण पायवाटेने गेले. बाकीचे बसले. बसताना पुष्कळांनी काचेतून माझ्याकडे नीट पाहिले. एका आजीने तिच्या डब्यातली मिरची आणून दिली आणि म्हणाली, “झोप आली की चाव.”

ही पाटी काढावी असे कार्यालयास वाटत असल्यास तसा आदेश कृपया लेखी द्यावा. फोनवरून घेतला जाणार नाही.

आपल्या उत्तरापर्यंत जागा राहण्याचा प्रयत्न करणारा,

(सही)
चालक, पहिली पाळी (सध्या दोन्ही),
वरचे स्टेशन.
दि. १० सप्टेंबर

सोबत :
१) दि. १२ जूनच्या नोंदीची प्रत.
२) दि. २ सप्टेंबरच्या नोंदीची प्रत.
३) वाळूबाबत स्मरणपत्रे, दोन.
४) घड्याळबाईंनी विचारणा केलेला कागद. सात सह्या. दोन ओळी कोऱ्या. त्या कोऱ्याच ठेवाव्यात.
५) शिलाईच्या बाईंचे निवेदन, एक ओळ, डाव्या हाताने लिहिलेले. अक्षर लागत नसल्यास त्या स्वतः येऊन वाचून दाखवतील.